कवठाचे भागीदार

वृक्षनिरीक्षक फरीदा जमादार यांनी कवठाच्या खोडाला सुई टोचली आणि लाकडात मुरलेल्या श्वासांचा हिशेब वाचून दाखवला. "उपाध्ये एकसष्ट टक्के. शेवडे दोन. बाकी आल्यागेल्यांचे."

"झाड माझ्या अंगणात आहे," रघुवीर शेवडे म्हणाले. त्यांना तिथे गाडीसाठी शेड घालायची होती.

"अंगण तुमचंच, काका. पण ज्याचे श्वास निम्म्याहून जास्त, त्याच्या सहीशिवाय झाड तोडता येत नाही."

कुंपणापलीकडचे नेमिनाथ उपाध्ये रोज सकाळी या झाडाच्या सावलीत मोठ्यानं पेपर वाचत. शेवड्यांचं त्यांच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. सही मागण्यापेक्षा हिस्सा वाढवणं बरं, असा विचार करून शेवड्यांनी दुसऱ्याच दिवशी कवठाखाली खुर्ची टाकली आणि दिवसभर तिथंच बसायला लागले.

"एवढे जोरात श्वास सोडून काही फरक पडत नाही," तिसऱ्या आठवड्यात उपाध्ये पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही वाचा. आणि हळदीचे भाव गाळत जाऊ नका, ऐकतोय मी."

चार वर्षांनी जमादारबाईंनी पुन्हा सुई टोचली. "शेवडे एक्कावन्न. आता कुणाची सही नको. कधी तोडताय?"

"ते राहू द्या हो," शेवडे म्हणाले. "हे उपाध्ये आठ दिवस झाले, लेकीकडे पुण्याला जाऊन बसलेत. त्यांचा हिस्सा घसरतोय. तुमच्या कार्यालयातून त्यांना एक नोटीस काढा बघू."