शेवटचं कोण?

कादिसच्या मासळीबाजारात ना रांग होती, ना नंबराची चिठ्ठी. कोपनहेगनहून फिरायला आलेली किर्स्टेन ताटकळत राहिली. मागून आलेल्या बायका मासे घेऊन चालत्या झाल्या. अखेर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती भडकली, “मी काय वास घ्यायला उभी आहे?” एक म्हातारी हसली. “अगं बाई, आल्याआल्या ‘शेवटचं कोण?’ विचारलंस का? जो ‘मी’ म्हणेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, त्याच्यानंतर आपण. चल, तू माझ्यामागे.” आठवड्यानं किर्स्टेन घरी परतली. नेहमीच्या बेकरीत जो तो नंबराच्या चिठ्ठीकडे बघत उभा होता. नवरा गेल्यापासून चार वर्षं ती एकटीच येत होती. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. तिनं चिठ्ठी घेतलीच नाही. मोठ्यानं विचारलं, “शेवटचं कोण?” सगळ्या माना वर झाल्या. खिडकीजवळचे आजोबा गोंधळले, मग चिठ्ठी खिशात घालत म्हणाले, “मी.”