ओंडके चिरायचं यंत्र

“हे ठेवा. मघाचं पुन्हा दाखवा.”

दुकानदाराने तेच खोकं पुन्हा उघडलं. सुतारणीने यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं. काउंटरपुढे तिचा पाय ठरत नव्हता. नवरा गेल्यापासून सुतारकीचा कारखाना तीच चालवायची, म्हणून सगळे तिला सुतारीणच म्हणत. दारं, खिडक्या, टेबलं ती डोळे झाकून करी. आज मात्र एक वस्तू निवडताना नाकी नऊ आले होते.

मागे स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. सकाळी “मीही येते” एवढंच म्हणून त्यांनी चपला चढवल्या होत्या. वाटेत चकार शब्द नाही. आताही तोंडाला कुलूपच.

वादळाने कारखान्याचं छप्पर पाडलं होतं आणि परसातली झाडंही आडवी केली होती. ओंडके चिरून तुळया काढल्या, तर छप्पर उभं राहणार होतं. पण वखारवाल्याने हात झटकले, “एवढ्याशा ओंडक्यांसाठी मोठं यंत्र कोण लावणार?” इकडे ओंडक्यांना टोकांकडून भेगा जात होत्या, सालीखालून भुसा गळत होता. त्यात काल धाकटा दीर येऊन बसला. “वहिनी, नाद सोडा. लाकडं जाऊ देत जळणाला. जागेचं मी बघतो. आईला माझ्याकडे नेतो, तुम्ही माहेरी जा. आईचंही तेच म्हणणं आहे.”

सासूबाई तेव्हा आतल्या खोलीतच होत्या. बाहेर आल्या नाहीत.

मग आज कशाला आल्या? मोडता घालायला, दुसरं काय! तेही चार लोकांसमोर.

“ताई, चेनसॉ, ती साखळीची करवत, आहे ना घरी?” दुकानदाराने विचारलं.

“ह्यांची आहे. ताकदीची आहे.”

“मग झालं. खोड आडवं तोडणं निराळं आणि उभं चिरणं निराळं, इंजिनाला घाम फुटतो. तुम्ही हे छोटं घ्या. ओंडक्यावर सरळ फळी ठोकायची, तिच्यावरून हे चेनसॉला धरून सरकतं. एकट्या माणसाला झेपतं.”

“वेळ लागेल?”

“लागणारच. दर कापाला फळी काढा, फळी ठोका.”

तोवर अर्धे ओंडके किडे फस्त करतील. तिने भिंतीला टेकवलेल्या मोठ्या चौकटीकडे बोट केलं. “आणि ते?”

“त्याने काम झपाट्याने होतं. चेनसॉचं पातं चौकटीत आडवं बसवायचं, की ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत नेता येतो. पण पल्ला मोठा, वजनही आहे. पलीकडच्या टोकाला मूठ असते, ती धरायला दुसरं माणूस लागतं.”

“दुसरं माणूस नाही,” सुतारीण म्हणाली. “छोटंच बांधा.”

“थांबा.”

सासूबाई उठल्या. सुतारणीने डोळे मिटून घेतले. आलंच शेवटी.

पण सासूबाई तिच्याकडे न येता भिंतीकडे गेल्या. त्यांनी चौकटीची पलीकडची मूठ पकडली, जरा उचलली, जरा पुढे रेटली.

“आजी, जड आहे ते. सांभाळून,” दुकानदार म्हणाला.

“माझ्या नवऱ्याची करवत दोघांनी ओढायची होती. तिचं दुसरं टोक काय खुंटीला बांधलं होतं?”

दुकानदार ओशाळला. सुतारीण बघतच राहिली. सासऱ्यांच्या करवतीच्या गोष्टी तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांत दुसरं माणूस कधी आलंच नव्हतं.

“आई, पण काल भाऊजी म्हणाले...”

“म्हणाला ना, आईचंही तेच म्हणणं आहे? आत बसून मीही ऐकलं. रात्रभर वाट पाहिली, तू येऊन मला विचारशील म्हणून.” सासूबाईंनी मूठ सोडली नव्हती. “तूही नाही विचारलंस.”