मोपाची चढण

जन्मात विमानात न बसलेल्या आईने चष्मा चढवून विनिताचं परतीचं तिकीट वाचलं. विमान दुपारी दोनला गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सुटून चारला दुबईत टेकणार होतं. मुळगावला माहेरी येताना मात्र विनिता सकाळी आठला दुबईहून निघून दुपारी एकला मोपाला उतरली होती.

"यायला पाच तास आणि जायला दोनच. मोपाचं पठार चढताना विमानाला दम लागत असेल गो," आई म्हणाली.

विनिताला हसू आवरेना. "अगं, दोन्ही वेळा साडेतीन तासच लागतात. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, म्हणून तसं दिसतं."

आईने बॅगेत कोकमाच्या सोलांची पुडी कोंबत मान डोलावली.

"समजलं. पण या खेपेला यायला तुला तीन वर्षं लागली, ती कुठल्या घड्याळाने गो बाय?"