एका एकराचे नऊ एकर

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा. मुक्ताच्या आबांनी नाशिकजवळचा एक एकर विकला आणि त्याच पैशांत दूर हिंगोलीकडे नऊ एकर घेतले. आज हरभरा काढणीला आलाय, आभाळ भरतंय आणि हात फक्त तिघांचे.

"अहो, गावाकडं सावडीला वीस माणसं आली असती," आई म्हणाली. "आज ते आपल्याकडं, उद्या आपण त्यांच्याकडं."

"जमीन स्वस्त, एवढंच बघितलं मी," आबा मान खाली घालून म्हणाले. "सोन्यासारखी माणसं तिकडंच राहिली."

"आबा, दोन वर्षांत इथं आपण कुणाच्या शेतात गेलो का?" मुक्ताने विचारलं.

आबांनी बांधापलीकडच्या शेताकडे पाहिलं.

मुक्ता विळा घेऊन उठली आणि बांध ओलांडून शेजारच्या काकूंच्या हरभऱ्यात काढणीला बसली.