मॅडमचा लाडका विद्यार्थी

परदेशातल्या रशियन सुनेशी तिच्या भाषेत चार शब्द बोलता यावेत म्हणून सासूने शिवणकाम करता करता मोबाइलवर ऑडिओ कोर्स लावला. कोर्समधल्या मॅडम एक वाक्य म्हणायच्या, आपण म्हणायला थोडी जागा सोडायच्या, आणि मग आपण काहीही बरळलो तरी म्हणायच्या, "शाब्बास, अगदी बरोबर." नवऱ्याला आयतंच खेळणं मिळालं. ही तोंडातली टाचणी काढेपर्यंत तो पेपराआडून त्या जागेत काहीतरी वेडंवाकडं ठोकून द्यायचा आणि शाब्बासकी पदरात पडली की म्हणायचा, "बघ, मॅडमचा लाडका विद्यार्थी." "अहो, मला शिकू द्या की जरा." शेवटी तिने इयरफोन घेतले. "म्हणजे माझा वर्ग बंद?" त्याने विचारलं. तिने मशीन न थांबवता नुसता हात वर केला. तिची रशियन झपाट्याने सुधारली. तो वारला तेव्हा फोनवर रडणाऱ्या सुनेची तिने रशियनमध्येच समजूत काढली, एकदाही न अडखळता. सून म्हणाली, "तुमची शिकवणी सुरू झाली की बाबा मला फोन करायचे. पहिल्या धड्यातल्या त्याच जुन्या वाक्यात रोज नवी चूक करायचे आणि मला शाब्बास म्हणायला लावायचे." दुसऱ्या दिवशी तिने इयरफोन काढून ठेवले आणि पहिला धडा मोठ्याने लावला. मॅडमनी वाक्य म्हटलं, जागा सोडली. ती त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत गप्प बसून राहिली. "शाब्बास," मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर."