ठळक नातेवाईक

सिंधूआत्याने आमचा कुळवृत्तान्त मोबाइलवर टाइप करून पाठवला. ज्यांच्याशी तिचं बिनसलं होतं, त्यांच्या नावांच्या दोन्ही बाजूंना * अशा चांदण्या टाकल्या होत्या. ती नावं वगळायची, हे मला सांगायला मात्र विसरली.

मी मजकूर वेबपान बनवणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून घराण्याच्या विकीवर, म्हणजे सगळ्या नातेवाइकांना दिसणाऱ्या संकेतस्थळावर, चढवला. कन्व्हर्टरला चांदणी म्हणजे ठळक अक्षर, एवढंच कळतं. नेमकी तीच नावं ठळक झाली.

आत्या घरी बोलावून माझी खरडपट्टी काढत होती, तोच पेणचे गजाकाका पेढे घेऊन दारात. भांडणानंतर बारा वर्षांनी!

"सिंधू, एवढा मान दिलास गं," म्हणत त्यांनी डोळे पुसले. आत्याने चहा टाकला.

संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे फोन सुरू झाले, आमची नावं ठळक का नाहीत?

"त्यांना सांग," आत्या पेढा मोडत म्हणाली, "आधी माझ्याशी नीट भांडा."