रुख्माचं ताट

"रुख्मा देवचंद?" नंदाने यादीवर बोट ठेवत विचारलं.

ओसरीवर तांदूळ पाखडणारी बाई थबकली. मग सूप सरकवून म्हणाली, "बसा. काय इचारायचं आहे?"

नंदा नागपूरहून आली होती. लोक पूर्वी काय खात, आता काय खातात, हे तिला त्यांच्याच आयुष्याच्या हकिगतींतून समजून घ्यायचं होतं. साल १९५४. यादी चार वर्षं जुनी. सालेकशाजवळच्या या गावातलं हे अकरावं घर.

"लहानपणी काय खायचात, रुख्माबाई?"

"कोदोची पेज. सणाले भात."

"लग्नानंतर?"

"इथं जमीन होती. दोन्ही सांजा भात. पण पोर झालं नाई. मंग मालकानं दुसरी बायको केली. गीता."

पेन्सिल चालत होती.

"स्वराज्य आलं, त्याच्या दुसऱ्या साली तलाव भरला नाई. धान पोचट निंगाला. तवाच गीताले दिवस गेले. घरात होता तेवढा तांदूळ तिलेच."

"आणि तुम्ही?"

"मोहफुलं उकडून. चिचोके भाजून. पाच महिने. गीता भात खायले बसली का तिच्याकडं पाठ फिरवून बसत होती. तिचा घास अडकू नये म्हणून."

"राग नाही आला?"

"येत असंल. पण पोरगं दोघींचं, म्हणत होती." बाई वहीकडे वाकली. "लिवलं का? पुरं लिवा. पुढच्या साली धान पिकला, तर पोट भात झेलेना. एक घास खाल्ला का उलटी."

नंदाने ते शब्द जसेच्या तसे उतरवले. इतकं मोकळं कोणी बोललं नव्हतं.

"आता काय खाता?"

"भात, वरण. पोरगं सकाळी चहा मागते."

प्रश्न संपले होते. वही मिटतामिटता नंदाला राहवलं नाही.

"त्या गीताबाईला कधी काहीच वाटलं नाही का हो?"

बाईने पदराने तोंड पुसलं. अंगणात पोरगं खेळत होतं. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली,

"रुख्मा तीन सालांआधी गेली, बाई. गीता मीच."